वर आणि खाली

कोणी फोनवर ‘सहज केला होता’ असं म्हटलं की प्रमिलाबाई भुसारींच्या मनात पाल चुकचुकायची. सहज कोणी फोन करतं का? मग त्या दिवसभर विचार करत की ह्या माणसाला नक्की काय हवं होतं, आणि ते त्याने मागितलं का नाही. न मागणाऱ्या माणसावर त्यांचा जास्त संशय असे.

हा स्वभाव त्यांना वडिलांकडून आला. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा वडिलांचं ऑफिसही गेलं, आणि ऑफिसबरोबर वडील. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांनी पुढची सगळी हयात काढली, पण आपल्याला न विचारता आपली राजधानी कोणी हलवली, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. ‘ह्यात कोणाचा तरी हात आहे,’ असं ते जेवताना म्हणत. प्रमिलाबाई त्या वाक्यावर वाढल्या. लग्न झालं ते कारखान्याच्या टाउनशिपमधल्या केशव भुसारींशी, आणि स्वतःला नोकरी लागली तीही त्याच सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात. तिथे पंचकार्डांपासून त्यांनी सुरुवात केली. कार्डाला पडलेलं भोक आपणच पाडलंय ना, हे त्या उजेडासमोर धरून बघत.

केशवराव ह्या सगळ्याला हसत. ते यंत्रशाळेत कामाला होते आणि लोखंडाशिवाय कशावरच फार विचार करत नसत. ‘प्रमिला, तू देवळात गेलीस तर आधी मूर्ती हलवून बघशील,’ असं ते म्हणत. प्रमिलाबाईंना ह्यात विनोद दिसत नसे. मूर्ती नीट बसवलीय की नाही हे कोणीतरी बघायलाच हवं, असं त्यांचं मत होतं.

दोन हजार तीनच्या सुमाराला टाउनशिपने स्वतःची वेबसाइट काढली. इस्पितळाच्या वेळा, पाणी कधी येणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या क्वार्टरसाठी कोणाचा नंबर कितवा. हे शेवटचं पान सोडून बाकी काहीही चुकलं असतं तरी कोणी हूं की चूं केलं नसतं. टाउनशिपमध्ये माणसाची किंमत त्याच्या क्वार्टरच्या टाइपावरून ठरते. दोन खोल्यांतून तीन खोल्यांत जाण्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबलेले असत, आणि कागदी यादीत खाडाखोड होते अशी बोंब झाल्यावर वरून हुकूम निघाला होता की आता वेबपानावर जो क्रम दिसेल तोच खरा.

प्रमिलाबाईंचंही नाव त्या पानावर होतं. नलिनी, त्यांची मुलगी, लग्नाची झाली होती, आणि बघायला येणाऱ्यांना बसवायचं कुठे हा रोजचा प्रश्न होता. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले की केशवरावांनी स्वयंपाकघरात उभं राहून चहा प्यायचा, अशी परिस्थिती. उज्जैनचं एक चांगलं स्थळ नुकतंच मोडलं होतं. मुलाच्या आईने जाताना छताकडे एक नजर टाकली होती. ती नजर प्रमिलाबाईंच्या मनातून जात नव्हती. तिसरी खोली असती तर हे स्थळ गेलं नसतं, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

वेबपानं बनवायला विभागाने एक सॉफ्टवेअर आणलं होतं. पडद्यावर चित्र काढावं तसं पान मांडायचं आणि कोड त्याने लिहायचा. आपल्या पाठीमागे दुसरं कोणी कोड लिहितंय हे प्रमिलाबाईंना कसं खपणार? त्यांनी त्याचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं आणि त्यात त्यांना एक प्रकरण सापडलं. ह्या सॉफ्टवेअरमध्ये आपला स्वतःचा कोड जोडता येत होता. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं तर त्याच्या मेनूत आपलं नाव दिसे, आपली बटणं असलेली खिडकी उघडे. आणि जे जावास्क्रिप्टला जमत नसे, म्हणजे कारखान्याच्या जुन्या नोंदींच्या फाइली उघडणं वगैरे, ते सी भाषेत लिहून आत बसवता येई. जावास्क्रिप्ट म्हणजे दारात उभं राहून ‘या, बसा’ म्हणणारी, आणि सी आतल्या खोलीत दार लावून काम करणारी. ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याच्या पोटातच शिरून बसायचं, ही कल्पना प्रमिलाबाईंना बेहद्द आवडली.

त्यांनी क्वार्टरच्या पानासाठी एक खिडकी बनवली. नावाच्या ओळीवर क्लिक करायचं आणि बटण दाबायचं, की ती ओळ एक जागा सरकायची. सीमधला कोड जुन्या नोंदी उघडून नाव, खातं, सध्याचं क्वार्टर पडताळून बघे, आणि ओळ सरकली की सगळे अनुक्रमांक आपोआप नव्याने घाले. ह्या नव्याने घालण्याचा त्यांना खास अभिमान होता. हाताने आकडे लिहिले की लबाडीला वाव राहतो.

बटणं दोन. एकावर लिहिलं ‘वर’, दुसऱ्यावर ‘खाली’.

आता प्रमिलाबाईंचा सगळा जन्म भोपाळात गेलेला. भाजीवाल्याशी, साहेबाशी, बसमध्ये कंडक्टरशी भांडायला अस्खलित हिंदी. पण ही खिडकी त्यांनी आधी स्वतःसाठी बनवली होती, आणि स्वतःशी त्या मराठीतच बोलत. कोडमधली सगळी नावं मराठी होती. ती दोन बटणं कोणी दुसरं वाचणार आहे हे लिहिताना त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढे साहेबांनी सांगितलं की हे काम टाउनशिप ऑफिसच्या बाबूकडे द्या, तुम्ही कशाला करत बसता, तेव्हा त्यांनी नाइलाजाने ते दिलं. बटणांकडे पुन्हा बघितलं नाही.

तो बाबू म्हणजे गोविंद मालवीय. पान खाणारा, गाणं गुणगुणणारा, सगळ्यांना ‘भैया’ म्हणणारा. असा माणूस प्रमिलाबाईंना पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला, यात नवल नाही. त्यांनी त्याला खिडकी उघडून दाखवली, ‘ऐसे सिलेक्ट करो, ऐसे दबाओ,’ म्हणाल्या आणि निघाल्या. काही विचारायचंय का, असं विचारलं नाही. जास्त विचारणाऱ्याला जास्त कळतं, असा त्यांचा हिशेब.

चार-आठ दिवसांनी त्या काही कामाने टाउनशिप ऑफिसात गेल्या. दारातच होत्या, तोच आतून गोविंदचा आवाज आला.

‘अरे भैया, मैडम के यहाँ वर तो मिल गया, वधू किधर है?’

आणि तीन-चार जण खो-खो हसले.

प्रमिलाबाई दारातून परत फिरल्या. कानशिलं तापली होती. म्हणजे उज्जैनची गोष्ट इथपर्यंत पोचली होती! आपल्या मुलीच्या मोडलेल्या लग्नावर हे लोक चहा पिता पिता हसत होते! त्या क्षणी आत शिरून ‘क्या हुआ?’ एवढं जरी विचारलं असतं तरी गोविंदने पडद्यावरच्या ‘वर’ ह्या बटणाकडे बोट दाखवलं असतं, आणि कदाचित त्याही हसल्या असत्या. पण विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरी येऊन त्यांनी केशवरावांना सांगितलं, ‘अहो, तो मालवीय आपल्यावर डूख धरून आहे.’

‘का? आपण त्याचं काय घोडं मारलंय?’

‘तेच तर शोधायचंय.’

त्याच दिवसांत एक चांगली गोष्ट घडली. क्वार्टरच्या पानावर त्यांचं नाव वर सरकलं. आणि पंधरा दिवसांनी आणखी वर. प्रमिलाबाई हरखल्या. त्यांनी नलिनीला हाक मारून पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे यावर चर्चाही केली. केशवराव म्हणाले, ‘एकदम कसं काय?’ तर त्यांनीच समजावलं, ‘अहो, कोणी रिटायर झालं असेल, कोणाची बदली झाली असेल. होतं असं.’

मग एक दिवस शारदा आली. शारदा कारखान्याच्या इस्पितळात नर्स होती. तिचं जुनं क्वार्टर गळत होतं, आई आजारी, म्हणून ते परत देऊन ती साकेत नगरमध्ये भाड्याने राहत होती, मोठं क्वार्टर मिळेल ह्या आशेवर. ती संगणक विभागात आली आणि उभ्याउभ्याच रडायला लागली.

‘मैडम, मेरा नंबर आने वाला था. अब देखा तो इतना नीचे. मैंने किसी का क्या बिगाड़ा है?’

प्रमिलाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. त्यांना तिची कणव आली, आणि खोटं कशाला बोला, आतून एक आनंदही झाला. आयुष्यभर ज्याचा वास येत होता ते शेवटी समोर आलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे त्यांना बघायचीसुद्धा गरज नव्हती. त्या पानाला हात लावणारा माणूस एकच होता.

पण पुरावा हवा. प्रमिलाबाईंनी तो स्वतः तयार करायचं ठरवलं. सीच्या कोडमध्ये त्यांनी एक छोटा भाग जोडला. पडद्यावर काही दिसणार नाही, आवाज होणार नाही. पण जो कोणी जे बटण दाबेल त्याची गुपचूप नोंद आत पडत राहील. त्या भागाला त्यांनी नाव दिलं ‘चोरकप्पा’. ते नवं रूप गोविंदच्या संगणकावर टाकायला त्या स्वतः गेल्या, आणि तो ‘मैडम, चाय?’ म्हणाला तेव्हा ‘नहीं’ म्हणाल्या.

मासा लगेच गळाला लागला. बागकाम विभागातला एक माणूस शाहपुऱ्याला भावाकडे राहायला गेला होता. त्याची ओळ घसरली. चोरकप्पा उघडला तर आत इंग्रजी अक्षरांत तेच तेच लिहिलेलं. मालवीय, खाली. मालवीय, खाली. मालवीय, खाली. एकाच माणसाला ढकलत ढकलत तळाला नेलं होतं. इतक्या उघडपणे! प्रमिलाबाईंना त्याच्या निर्ढावलेपणाचंच आश्चर्य वाटलं.

त्यांनी कागद छापला आणि सतर्कता अधिकारी विश्वनाथ दुबे यांच्या नावाने तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी गोविंदला टेबलावरून उठवलं. चौकशी होईपर्यंत निलंबित. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर टाउनशिपमधलं घरही, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. तो आपलं सामान पिशवीत भरत असताना प्रमिलाबाई तिथे होत्या. त्याने गाणं बंद केलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

‘मैडम,’ तो म्हणाला, ‘मैंने तो वही दबाया जो लिखा था.’

कबुली! प्रमिलाबाईंनी ती मनात नीट घडी घालून ठेवली.

घरी केशवरावांनी मात्र जेवता जेवता ताट बाजूला सारलं. ‘त्याची दोन पोरं आहेत, प्रमिला. तू एकदा त्याला विचार तरी, की बाबा रे, का केलंस?’

‘चोराला विचारून चोरी कळते का?’

‘मला लोखंडसुद्धा तापवून, ठोकून बघायला लागतं. तू माणसाला हात न लावताच ठरवतेस.’

नवऱ्याचं हे बोलणं त्यांना झोंबलं. हे का त्याची बाजू घेतायत, असाही एक विचार येऊन गेला.

चौकशी दुबे साहेबांच्या खोलीत झाली. दुबे म्हणजे चष्मा नाकाच्या टोकावर आणि बोलण्यात घाई नाही असा माणूस. एका बाजूला गोविंद, इस्त्री केलेल्या शर्टात, हात मांडीवर. दुसऱ्या बाजूला प्रमिलाबाई. दुबेंनी कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागले.

‘मालवीय, खाली. मालवीय, खाली. मालवीय... खाली.’ त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं. ‘मैडम, जिसका क्वार्टर है, वो तो शाहपुरा चला गया था न?’

‘जी.’

‘तो क्वार्टर खाली था. इसने लिखा, खाली. इसमें चोरी क्या हुई?’

प्रमिलाबाईंनी समजावायला कागद पुढे ओढला, आणि तो शब्द त्यांना पहिल्यांदा हिंदीत ऐकू आला: खाली, म्हणजे रिकामं.

‘सर, लिखा नहीं जाता था,’ गोविंद म्हणाला. ‘पहले मैं हाथ से टाइप करता था कि क्वार्टर खाली हो गया. फिर मैडम ने बटन दिया, खाली वाला. मैं दबाता था, कुछ लिखा नहीं आता था. फिर दबाता था. थक के फिर हाथ से टाइप कर देता था. मैंने सोचा, मशीन धीमी है.’

ओळ सरकली तरी निवड त्याच ओळीवर राहत होती. आकडे आपोआप नवे पडत होते. आणि तो बघत होता ‘रिकामं’ अशी नोंद उमटते का ते, त्यामुळे ओळ हललेली त्याच्या लक्षातच येत नव्हती. ते आकडे किती बेमालूम पडतात ह्याचा त्यांना केवढा अभिमान होता! शारदाने क्वार्टर सोडलेलं. बागवाल्याने सोडलेलं. जो जो घर रिकामं करून गेला त्याचीच ओळ घसरली होती, आणि हे एवढं ढळढळीत साम्य त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्या घसरणाऱ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या फक्त गोविंदकडे बघत होत्या. मग दारातून ऐकलेलं ते वर-वधूचं वाक्य आठवलं, त्याचा अर्थ लागला, आणि प्रमिलाबाईंना वाटलं की ह्या खुर्चीतून उठून कुठेतरी निघून जावं.

दुबे वाट बघत होते. ‘मतलब सॉफ्टवेयर में गड़बड़ है?’

सुटकेचं दार त्यांनी स्वतःच उघडून दिलं होतं. हो म्हणायचं की संपलं. सी भाषेतला तो कोड ह्या इमारतीत दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हता. परदेशी सॉफ्टवेअरवर खापर फुटलं असतं, गोविंद सुटला असता, आणि भुसारी मॅडमची अब्रू जागच्या जागी राहिली असती. प्रमिलाबाईंना ते दार फार मोहाचं वाटलं. त्यांनी गोविंदच्या इस्त्री केलेल्या शर्टाकडे पाहिलं. ती इस्त्री घरी कोणीतरी आज सकाळी मन लावून केली होती.

‘नहीं सर,’ त्या म्हणाल्या. ‘सॉफ्टवेयर ठीक है. बटन मैंने बनाया. खाली मतलब... मराठी में खाली मतलब नीचे. मैंने नीचे लिखा था. इन्होंने सही पढ़ा. गलत मैंने लिखा.’

दुबेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी संगणकावर क्वार्टरचं पान उघडलं आणि बोट हळूहळू खाली नेलं. एका जागी ते थांबलं.

‘प्रमिला भुसारी. ये आप हैं?’

‘जी.’

‘लोग नीचे जाते गए, आप ऊपर आती गईं.’

‘जी, पर वो तो...’

‘और अब आप कह रही हैं कि इस आदमी ने कुछ नहीं किया. पहले शिकायत, फिर बचाव.’ दुबेंचा आवाज अजिबात चढला नव्हता. ‘दाल में कुछ काला तो है, मैडम.’

प्रमिलाबाईंनी ती नजर ओळखली. आयुष्यभर त्यांनी लोकांकडे त्याच नजरेने पाहिलं होतं, पण ती अंगावर आल्यावर कशी लागते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की खरं एवढंच आहे, ह्यामागे काही नाही. आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की ‘ह्यामागे काही नाही’ असं म्हणणाऱ्या एकाही माणसावर त्यांनी आजवर विश्वास ठेवलेला नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि दुबेंनी त्या पाण्याचीही मनात नोंद केली असणार.

गोविंदचं निलंबन त्याच दिवशी उठलं. शारदाचं, बागवाल्याचं आणि घसरलेली बाकीची नावं परत जागेवर आली. प्रमिलाबाईंचं त्यांच्या मूळ नंबरावर गेलं, आणि दुबेंनी त्यांच्या नावाने नवी फाइल उघडली.

बाहेर व्हरांड्यात गोविंद त्यांच्यासाठी थांबला होता. त्यांनी हात जोडले. आजवर ज्या माणसाला त्या नीट ‘नमस्ते’ही म्हणाल्या नव्हत्या, त्याच्यापुढे.

‘गोविंद जी, माफ़ कर दीजिए. मुझे आपसे पूछना चाहिए था.’

‘हो जाता है, मैडम,’ तो म्हणाला. तो चिडलेला नव्हता. थकलेला होता. दोन पावलं गेला आणि खरंच कुतूहल वाटल्यासारखा वळला. ‘एक बात बताइए. शारदा जी का नंबर नीचे गया तो आपको मैं चोर लगा. आपका ऊपर आया, तब कौन लगा था?’

प्रमिलाबाईंनी खरंच आठवून पाहिलं. पडद्यांचे रंग आठवले, नलिनीचा चेहरा आठवला, ‘होतं असं’ हे आपले शब्द आठवले. त्या वर सरकण्याबद्दल त्यांनी कोणावरही संशय घेतला नव्हता. सगळ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट.

‘कोई नहीं,’ त्या म्हणाल्या.

गोविंदने मान हलवली आणि तो आपल्या टेबलाकडे गेला.